मूल कुणाचे, निर्णय कुणाचा

१९६८ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यातल्या फोर्ट टॉटनहून काही आया आणि आज्या न्यूयॉर्कला पोचल्या. सोबत त्यांच्या जमातीचे प्रमुख होते. ही माणसे डेव्हिल्स लेक सू जमातीची. आज ही जमात ‘स्पिरिट लेक’ या नावाने ओळखली जाते. देशातल्या सर्वांत मोठ्या शहरात पत्रकारांसमोर बसून त्या बायकांनी आपले गाऱ्हाणे मांडले. काउंटीच्या कल्याण खात्याची माणसे दारात येतात आणि मुले घेऊन जातात, हे त्यांचे म्हणणे होते.

गावात तेव्हा एक प्रकरण पेटले होते. एका वृद्ध बाईकडे वाढणाऱ्या लहान मुलाला खात्याने हलवायचे ठरवले होते. बाईचे वय झाले आहे, हे कारण. बाईने मूल द्यायला साफ नकार दिला. जमातीच्या परिषदेनेही ठराव केला की, काउंटीने यापुढे आमच्या मुलखातून मुले न्यायची नाहीत. त्यावर काउंटीने गरीब घरांना मिळणारे मदतीचे पैसे अडवले. तेव्हा जमातीने न्यूयॉर्कच्या ‘असोसिएशन ऑन अमेरिकन इंडियन अफेअर्स’ या संस्थेकडे धाव घेतली. विल्यम बायलर हे तिचे कार्यकारी संचालक. त्यांनी बर्ट्रम हर्श या कायद्याच्या तरुण विद्यार्थ्याला फोर्ट टॉटनला पाठवले. पाहणीतून आकडा निघाला तो असा : जमातीची एकवीस वर्षांखालील १,१०० मुले, आणि त्यांतली २७५ आपल्या घरी नाहीत. म्हणजे चारातले एक.

ही मुले मारहाणीतून किंवा उपासमारीतून सोडवलेली असतील, असे कुणालाही वाटेल. नॉर्थ डकोटातल्या एका जमातीच्या पाहणीत मात्र शारीरिक छळाच्या कारणाने नेलेली मुले फक्त एक टक्का निघाली. बाकीच्यांच्या कागदांवर ‘दुर्लक्ष’, ‘सामाजिक वंचना’ असे कोणत्याही घराला लावता येतील असे शब्द होते. घरात नळ नाही, माणसांच्या मानाने खोल्या कमी, मूल आईऐवजी आजीकडे किंवा मावशीकडे राहते, ही सगळी दुर्लक्षाची लक्षणे ठरत. सू लोकांच्या नात्यांच्या व्यवस्थेत आईची बहीण ही आईच, आणि बापाचा भाऊ हा बापच. मूल चार घरांत वाढणे ही तिथली रीत. आपल्याकडे आजोळी वाढलेल्या पोराला कुणी अनाथ म्हणत नाही, तसेच ते. पण कल्याण खात्याच्या नमुन्यात कुटुंब म्हणजे आई, बाप आणि मुलांसाठी वेगळी खोली. त्या चौकटीबाहेरचे सगळे संशयास्पद.

कॅलिफोर्नियातल्या एका प्रकरणात हा दृष्टिकोन अगदी उघडा पडला. साउथ डकोटातल्या रोझबड या जमातीसाठी राखून ठेवलेल्या मुलखातल्या एका आईने तीन वर्षांच्या मुलीला मावशीबरोबर कॅलिफोर्नियाला पुढे पाठवले. ती स्वतः आठवड्याने पोचली, तोवर मुलगी दत्तक घेऊ पाहणाऱ्या कुटुंबात गेलीही होती. आई नालायक असल्याचा पुरावा आपल्याकडे नाही, हे समाजसेविकेने मान्य केले. पण राखीव मुलूख ही मूल वाढवण्याची जागाच नव्हे, आणि नव्या घरी सुबत्ता जास्त आहे, असे तिचे म्हणणे होते. वकील मिळाला म्हणून ती मुलगी परत आली. बहुतेकांना वकील मिळत नसे.

या वृत्तीची मुळे एकोणिसाव्या शतकात आहेत. १८७९ मध्ये रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने पेन्सिल्व्हेनियात कार्लाइल येथे मूलनिवासी मुलांसाठी निवासी शाळा काढली. मुलाचे केस कापायचे, नाव बदलायचे, भाषा बंद करायची आणि त्याला घरापासून दूर ठेवायचे, म्हणजे तो ‘माणसात’ येईल, हे तिचे सूत्र. केंद्र सरकारच्या अंतर्गत खात्याने २०२४ मध्ये पुरी केलेल्या चौकशीनुसार १८१९ ते १९६९ या काळात अशा ४१७ शाळा चालवल्या गेल्या किंवा त्यांना सरकारने पाठबळ दिले. तिथे किमान ९७३ मुले दगावली.

विसाव्या शतकाच्या मध्याला या शाळा खर्चिक आणि जुनाट वाटू लागल्या, आणि त्याच हेतूला दुसरा मार्ग सापडला. १९५३ मध्ये अमेरिकी संसदेने जमातींचे वेगळे राजकीय अस्तित्व संपवण्याचे धोरण ठरावाने जाहीर केले. त्याच वर्षी एका कायद्याने काही राज्यांना राखीव मुलखांतल्या खटल्यांवर अधिकार मिळाला. राज्याची कल्याण खाती तिथे शिरली. दत्तक मुलांची मागणी वाढत होती आणि गोऱ्या अर्भकांची संख्या पुरी पडत नव्हती. १९५८ मध्ये केंद्राच्या इंडियन व्यवहार विभागाने आणि ‘चाइल्ड वेल्फेअर लीग ऑफ अमेरिका’ या संस्थेने मिळून ‘इंडियन ॲडॉप्शन प्रोजेक्ट’ सुरू केला. १९६७ पर्यंत त्यातून ३९५ मुले दत्तक गेली, त्यांतली बहुतेक दूरच्या गोऱ्या कुटुंबांत. आकडा लहान दिसतो, पण त्याने वाट घालून दिली. राज्यांच्या खात्यांनी, चर्चच्या संस्थांनी आणि खासगी दलालांनी ती रुंद केली.

समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फॅनशेल यांनी या प्रकल्पातल्या सुमारे शंभर दत्तक कुटुंबांचा काही वर्षे अभ्यास केला. १९७२ मध्ये त्यांचे पुस्तक आले. मुलांची वाढ एकंदरीत ठीक चालली आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुरस्कर्त्यांना आणखी काय हवे होते? पण फॅनशेल तिथे थांबले नाहीत. आपली मुले गोऱ्यांच्या घरी द्यायची की नाहीत, हे ठरवण्याचा अधिकार फक्त मूलनिवासी लोकांचा आहे, असे त्यांनी त्याच पुस्तकात लिहून ठेवले. मुलाचे भले झाले का, हा एक प्रश्न. ते भले ठरवायला कोण बसले होते, हा दुसरा. पुढची पन्नास वर्षे सगळी लढाई या दुसऱ्या प्रश्नावर झाली.

बायलर आणि हर्श यांच्या संस्थेने १९६९ आणि १९७४ मध्ये अनेक राज्यांत पाहणी केली. देशभरातल्या मूलनिवासी मुलांपैकी २५ ते ३५ टक्के मुले घराबाहेर होती : कुणी संगोपनासाठी परक्या घरी, कुणी दत्तक, कुणी संस्थेत. सोळा राज्यांच्या पाहणीत संगोपनासाठी ठेवलेल्यांपैकी ८५ टक्के मुले बिगर-मूलनिवासी घरांत होती. साउथ डकोटात मूलनिवासी मुलांना संगोपनासाठी परक्या घरी ठेवण्याचे प्रमाण इतर मुलांच्या जवळजवळ सोळा पट होते. मिनेसोटात एक वर्षाखालच्या मूलनिवासी अर्भकांपैकी जवळपास चारातले एक दत्तक जात होते.

हे आकडे घेऊन लोक वॉशिंग्टनला आले ते एप्रिल १९७४ मध्ये. सिनेटच्या उपसमितीचे अध्यक्ष होते साउथ डकोटाचे जेम्स अबूरेझ्क. लेबनॉनहून आलेल्या कुटुंबातला हा माणूस रोझबडच्या मुलखातच जन्मला, तिथल्याच दुकानदाराचा मुलगा. त्याच्यासमोर आयांनी साक्षी दिल्या. सिस्सेटन-वॉपेटन सू जमातीच्या एका तरुण आईने सांगितले की, मुलगा सांभाळायला ठेवला होता त्या घरातून त्याला परस्पर नेले. पुढे ती गरोदर असताना खात्याची माणसे पुन्हा पुन्हा येत राहिली. येणारे मूल दत्तक द्यावे, हा त्यांचा लकडा. मानसोपचारतज्ज्ञ जोसेफ वेस्टरमेयर यांनी गोऱ्या घरांत वाढलेल्या तरुणांविषयी सांगितले. वयात येईपर्यंत ही मुले स्वतःला गोरीच समजत, पण मित्रमैत्रिणी जमवायच्या वयात समाज त्यांना त्यांचा रंग दाखवून देई, आणि तेव्हा मागे फिरायला घर उरलेले नसे.

त्या सिस्सेटनच्या आईचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मार्च १९७५ मध्ये निकाल आला तो मुलांविषयी नव्हताच, जमिनीविषयी होता. १८९१ च्या कायद्याने त्या जमातीचा राखीव मुलूख मोडीत निघाला, म्हणून तिथे राज्याचाच अधिकार चालतो, असे न्यायालयाने ठरवले. चौऱ्याऐंशी वर्षांपूर्वीच्या जमीनव्यवहारावरून आजच्या मुलाचा ताबा ठरत होता. रूढ कायद्याने आपला निभाव लागणार नाही, हे जमातींना कळून चुकले.

अबूरेझ्क यांनी १९७६ मध्ये विधेयक मांडले. मसुद्यात हर्श यांचा हात होता. विरोधही कमी नव्हता. मॉर्मन चर्चचा स्वतःचा मोठा कार्यक्रम होता. शाळेच्या वर्षभर मूलनिवासी मुले मॉर्मन कुटुंबांत ठेवायची, असा तो १९४७ पासून चालत आलेला. चर्चला त्यासाठी सवलत हवी होती. न्याय खात्याने घटनात्मक शंका काढल्या. तरीही नोव्हेंबर १९७७ मध्ये सिनेटने विधेयक मंजूर केले. प्रतिनिधिगृहात ॲरिझोनाचे मॉरिस युडाल यांनी ते लावून धरले. मिसिसिपीच्या चोक्टॉ जमातीचे प्रमुख कॅल्विन आयझॅक यांनी साक्षीत नेमके दुखणे सांगितले : मुलांचे भवितव्य ठरवणाऱ्या बाहेरच्या अधिकाऱ्यांना आमच्या जीवनपद्धतीची कल्पनाच नसते, आणि काहींना तिचा तिटकारा असतो. ८ नोव्हेंबर १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी ‘इंडियन चाइल्ड वेल्फेअर ॲक्ट’वर सही केली. दोन महिन्यांत अबूरेझ्क एकाच कारकिर्दीनंतर सिनेटमधून बाहेर पडले.

कायद्याची मांडणी कोरडी आहे, पण त्याचे प्रत्येक कलम एकेका जुन्या गैरप्रकाराकडे बोट दाखवते. राखीव मुलखात राहणाऱ्या मुलाचा खटला जमातीच्याच न्यायालयात चालेल. मूल बाहेर राहत असेल, तर खटला जमातीकडे वर्ग करण्याची मागणी करता येईल, आणि राज्याच्या न्यायालयात चालला तरी जमातीला त्यात पक्षकार होता येईल. आईबापांना आणि जमातीला रजिस्टर्ड टपालाने नोटीस गेली पाहिजे, आणि ती पोचल्यावर किमान दहा दिवस सुनावणी नाही. गरीब पालकाला सरकारी वकील मिळेल. मूल हलवण्याआधी कुटुंब सावरण्यासाठी नेटाने प्रयत्न केल्याचे दाखवावे लागेल. पालकत्व कायमचे तोडायचे तर पुरावा फौजदारी खटल्याइतका निःसंशय हवा, आणि त्यात जाणकाराची साक्ष हवी. आईची दत्तकसंमती न्यायाधीशासमोर लेखी झाली पाहिजे. बाळंतपणाआधी किंवा नंतरच्या दहा दिवसांत घेतलेली सही रद्दबातल. मूल दत्तक द्यायचेच झाले, तर आधी नातेवाईक, मग जमातीतले इतर, मग इतर मूलनिवासी कुटुंबे, असा क्रम. घटस्फोटातल्या ताब्याच्या भांडणाला मात्र हा कायदा लागू नाही.

मूलनिवासी मूल म्हणजे कोण, याचे उत्तर कायद्याने रक्तात शोधले नाही. मूल एखाद्या मान्यताप्राप्त जमातीचे सदस्य असावे, किंवा सदस्याचे अपत्य असून स्वतः सदस्यत्वास पात्र असावे. जमाती तहांनी बांधलेली राजकीय एकके आहेत, आणि त्यांचे सदस्यत्व वंशापेक्षा नागरिकत्वाला जवळचे आहे. १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोकऱ्यांबाबतच्या एका खटल्यात हेच तत्त्व मान्य केले होते. पुढे सगळे हल्ले नेमके याच पायावर झाले.

कायद्याची पहिली मोठी कसोटी चोक्टॉंच्याच खटल्यात लागली. डिसेंबर १९८५ मध्ये चोक्टॉ जमातीतल्या एका अविवाहित जोडप्याला जुळी मुले झाली. दोघांचेही घर राखीव मुलखात. पण प्रसूतीसाठी ते सुमारे दोनशे मैलांवरच्या गल्फपोर्टला गेले, आणि तिथेच महिन्याभरात राज्याच्या न्यायालयाने बाळे एका बिगर-मूलनिवासी जोडप्याला दत्तक दिली. आईबापांची संमती होती. जमातीने हरकत घेतली. मिसिसिपीच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, बाळांनी राखीव मुलखात पाऊलही ठेवलेले नाही, तेव्हा जमातीचा संबंध काय? ३ एप्रिल १९८९ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी हा निकाल फिरवला. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी लिहिले की, अर्भकाचे ठिकाण म्हणजे आईचे ठिकाण, आणि आईबापांच्या सहीने जमातीचा अधिकार संपत नाही. मुले तोवर तीन वर्षांची झाली होती. त्यांची आता ताटातूट करायची का, हे आम्ही ठरवणार नाही, जमातीचे न्यायालय ठरवील, असेही त्यांनी म्हटले.

पुढे काय झाले, हे फार सांगितले जात नाही. खटला चोक्टॉ न्यायालयात गेला. तिथल्या न्यायाधीशाने मुलांना दत्तक आईकडेच ठेवले, कारण ती हीच आई ओळखत होती. नातेवाइकांशी आणि जमातीशी मुलांचा संबंध राहावा, एवढी व्यवस्था केली. हा अधिकार जमातीच्या हाती गेला तर मुले सरसकट ओढून परत नेली जातील, ही भीती ज्यांनी घातली होती, त्यांना त्या निकालात उत्तर होते. जमातीने तीन वर्षे लढून मिळवले ते निर्णय घेण्याचे आसन, आणि त्यावर बसल्यावर तिने मुलांकडे पाहिले.

राज्यांच्या न्यायालयांनी मात्र पळवाटा काढल्या. १९८२ मध्येच कॅन्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की, मूल कधी मूलनिवासी घरात वाढलेच नसेल, तर कायदा लागू नाही. अनेक राज्यांनी ही वाट धरली. २००९ मध्ये कॅन्सासने स्वतःच ती सोडली. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका चेरोकी सैनिकाच्या मुलीच्या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी वडिलांच्या विरोधात निकाल दिला. मुलीचा ताबा त्यांच्याकडे आधी कधी नव्हता, म्हणून कायद्याचे संरक्षण त्यांना नाही. मुलगी तोवर सुमारे दीड वर्ष त्यांच्या घरी होती. त्या सप्टेंबरमध्ये तिला दत्तक पालकांच्या हवाली करावे लागले.

जिथे कायद्याचा अर्थ निर्विवाद होता, तिथेही तो पाळला जातोच असे नव्हते. केंद्राने राज्यांवर बंधने घातली, पण ती मोडणाऱ्याला दंड ठेवला नाही. जमातींच्या बालकल्याण कामाला पुरेसा पैसा कधीच मिळाला नाही. साउथ डकोटाच्या पेनिंग्टन काउंटीत मूल उचलल्यावर ४८ तासांत होणारी सुनावणी कित्येकदा चार मिनिटांतच उरकली जाई. आईबापांना ना कागद दाखवत, ना वकील देत, ना उलटतपासणी करू देत. ओग्लाला आणि रोझबड सू जमातींनी २०१३ मध्ये दावा लावला. २०१५ मध्ये केंद्रीय न्यायाधीशाने अधिकाऱ्यांना दोषी धरले. २०१८ मध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल रद्द केला, तोही राज्याच्या चालू कारवाईत केंद्रीय न्यायालयाने पडू नये, या कारणावरून. पद्धत योग्य होती, असे त्याने म्हटले नाही.

शेवटचा मोठा घाव २०१७ मध्ये टेक्सासमधून आला. मूलनिवासी मूल दत्तक घेऊ इच्छिणारी काही कुटुंबे आणि टेक्सास, इंडियाना व लुइझियाना ही राज्ये न्यायालयात गेली. हा कायदा वंशावरून भेद करतो आणि राज्यांना केंद्राचे नोकर बनवतो, असा त्यांचा दावा होता. २०१८ मध्ये टेक्सासच्या न्यायाधीशाने कायदा घटनाबाह्य ठरवला. अपील दोन पायऱ्या चढून सर्वोच्च न्यायालयात पोचले, तेव्हा सुमारे पाचशे जमातींनी कायद्याच्या बाजूने निवेदन दिले. बचावासाठी उभ्या असलेल्या अंतर्गत खात्याच्या मंत्री होत्या डेब हालंड. त्या स्वतः लगूना प्वेब्लो जमातीच्या, आणि त्यांच्याच खात्याने एकेकाळी त्या निवासी शाळा चालवल्या होत्या.

१५ जून २०२३ रोजी निकाल आला, सात विरुद्ध दोन. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती एमी कोनी बॅरेट यांचे. त्या स्वतः दोन दत्तक मुलांच्या आई. जमातींविषयी कायदे करण्याचा संसदेचा अधिकार कौटुंबिक बाबींपर्यंतही पोचतो, असे त्यांनी ठरवले. न्यायमूर्ती नील गोर्सच यांनी वेगळे, लांब मतपत्र जोडून निवासी शाळांपासूनचा इतिहास मांडला. वंशभेदाच्या आक्षेपावर मात्र न्यायालयाने निर्णय दिला नाही. तो उपस्थित करण्यास हे पक्षकार पात्र नाहीत, एवढेच म्हटले. म्हणजे ते दार आजही उघडे आहे, आणि न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी तो प्रश्न गंभीर असल्याचे नोंदवूनही ठेवले आहे.

निकालाची वाट न पाहता अनेक राज्यांनी हाच कायदा आपापल्या कायद्यांत उतरवून घेतला. मिनेसोटाने १९८५ मध्येच, न्यू मेक्सिकोने २०२२ मध्ये. शेजारी कॅनडाने २०१९ मध्ये एक पाऊल पुढे टाकले. मूलनिवासी समुदायांनी बालकल्याणाचे स्वतःचे कायदे करावेत, अशी तरतूद तिथे झाली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली.

दरम्यान माफ्याही मागून झाल्या. दत्तक प्रकल्पाची भागीदार असलेल्या चाइल्ड वेल्फेअर लीगचे प्रमुख शे बिल्चिक यांनी २००१ मध्ये अलास्कातल्या अँकरेज येथे जमातींच्या प्रतिनिधींसमोर संस्थेची चूक कबूल केली. ऑक्टोबर २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष जो बायडन यांनी ॲरिझोनातल्या गिला रिव्हर मुलखात जाऊन निवासी शाळांबद्दल क्षमा मागितली. पण लोकसंख्येतल्या आपल्या वाट्यापेक्षा मूलनिवासी मुले आजही कितीतरी अधिक प्रमाणात परक्या घरी आहेत. माफीने खटला जिंकता येत नाही. नोटीस वेळेवर पोचली का, वकील मिळाला का, नातेवाइकांना आधी विचारले का, यावरच एकेका मुलाचे घर ठरते. १९७८ च्या कायद्याने हे प्रश्न विचारण्याचा अधिकार आईबापांना आणि जमातीला दिला. ते विचारले जातात की नाही, हे अजूनही प्रत्येक काउंटीच्या कचेरीत, प्रत्येक सुनावणीत नव्याने बघावे लागते.